राघूला एक पान जास्त

केराबाई वाघमोडेला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याची तिला काडीचीही खंत नव्हती. सांगोल्याच्या पश्चिमेकडच्या माळावर वाचण्याजोगं जे काही होतं ते मेंढरांच्या कानांवर होतं, आणि ते तिच्याइतकं दुसऱ्या कुणालाच वाचता येत नव्हतं. कोकरू महिन्याचं झालं की धनी त्याच्या कानाला आपल्या घराची खूण करायचा. कुणाची डाव्या कानाच्या टोकाला खाच, कुणाची उजव्याला खालून चीर, कुणाचं मधोमध भोक. मग ते मेंढरू कुठंही भरकटू दे, कुणाच्याही कळपात शिरू दे, कान बघून ज्याचं त्याला परत मिळायचं. अशा बेचाळीस घरांच्या खुणा केराबाईला तोंडपाठ होत्या.

हे तिला शिकवलं सासऱ्यानं. सासरा सिद्धनाथ हा त्याच्या काळचा खुणांचा जाणता. दोन कळप मिसळून भांडण लागलं की पंच त्याला बोलवायचे. तो सांगेल ते शेवटचं. म्हातारपणी त्याचे डोळे गेले. पोरांना बापाजवळ बसून शिकायला सवड कुठली! थोरली सून मात्र एकेक मेंढरू धरून त्याच्या पुढ्यात आणायची आणि तो कानावरून बोटं फिरवत घराचं नाव सांगायचा. ऐकता ऐकता सूनही डोळे मिटून बोटं फिरवायला लागली. म्हातारा गेला त्या वर्षी बिरोबाच्या जत्रेत एक भांडण निघालं. पंचांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यातला एक म्हणाला, "सिदबाच्या सुनंला इचारा की." बाईमाणसाला विचारायचं म्हटल्यावर दोघाचौघांच्या कपाळाला आठ्या पडल्याच. पण तिनं कान बघितला, घर सांगितलं आणि खोटा पडलेला माणूसच खाली मान घालून म्हणाला, "बराबर हाय." तेव्हापासून वीस वर्षं तिचा शब्द चालत होता. तिला जमीन नव्हती, अंगावर धड डागिना नव्हता. हा शब्द तेवढा होता, आणि तो ती मिरवायचीसुद्धा. का मिरवू नये?

आता ह्या खुणांची एक रीत होती, ती नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. बापाच्या माघारी भाऊ वेगळे झाले की थोरला बापाची खूण जशीच्या तशी चालवायचा. धाकटा तीच खूण घ्यायचा आणि शेजारी एक चीर जास्त मारायचा. बघणाऱ्याला लगेच कळायचं की घर तेच, वाटा धाकट्याचा. परक्यानं दुसऱ्याच्या खुणेशेजारी चीर मारून मेंढरू आपलं म्हणायचं, असं कधी कुणी ऐकलेलंच नव्हतं. तसल्या माणसाला कुणी तांब्याभर पाणी दिलं नसतं.

तीन वर्षांमागं महिपतीचं भांडण केराबाईनं ह्याच रीतीवर चुटकीसरशी मिटवलं होतं. महिपती आणि ज्ञानबा चुलतभाऊ. महिपतीचं घर थोरल्याचं, ज्ञानबाचं धाकट्याचं. माण नदीच्या काठी दोघांचे कळप मिसळले आणि अकरा मेंढ्यांवरून जुंपली. महिपती म्हणाला, मेंढ्या माझ्या, चीर मागनं मारलीय. केराबाईनं कान बघितले. खाच आहे, शेजारी चीर आहे. संपलं! "ज्ञानबाच्या हायेत," ती म्हणाली आणि वर हसून म्हणाली, "दुसऱ्याच्या मेंढराचा कान कोन कापतंय रं, महिपती? मानूस हाय का राक्षस?" सगळे खदखदून हसले. महिपती अकरा मेंढ्याही घालवून बसला आणि इज्जतही. तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. ती समोरून आली की पागोटं सारखं करत दुसरीकडं बघायचा. केराबाईनं ते मनाला लावून घेतलं नाही. हरलेला माणूस चार दिवस फुगायचाच, असं ती म्हणायची.

लेक राजाबाईचं लग्न ठरलं तेव्हा तिचा कळप करकंबच्या शिवारात होता. खतासाठी शेतकरी मेंढ्या रानात बसवून घ्यायचे, म्हणून दर साली हा फेरा असायचा. बाजाराच्या दिवशी केराबाई लेकीला घेऊन लुगडी घ्यायला गेली. लुगडं घ्यायचं तर राघू छाप, हे तिच्या आईपासूनचं. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या चनबसप्पा कलशेट्टीचा तो माल. लुगड्याच्या घडीवर कागद चिकटवलेला असायचा. त्यावर फांदीवर बसलेला हिरवा राघू आणि त्याच्या चोचीत एक कैरी. रंग असा पक्का की लुगडं विरून त्याची वाकळ झाली तरी लाल ते लालच राहायचं.

करकंबच्या दुकानदारानं जे लुगडं पुढं टाकलं त्यावर राघू होता, फांदी होती, चोचीत कैरी होती, आणि कैरीच्या देठाला एक पान होतं. केराबाईला ते पान पायरीवरूनच दिसलं. ती खुदकन हसली.

"चनबसप्पाचा धाकटा येगळा झाला वाटतं," ती लेकीला म्हणाली. "त्याबिगर पान कशाला आलं असतं?"

राजाबाईचं लक्ष काठाकडं होतं. ती नुसतं "व्हय" म्हणाली. धाकट्याचा माल म्हणजे त्याच घरचा, त्याच हातांचा. नवा संसार मांडलाय बिचाऱ्यानं, त्यालाही हातभार लागू दे, असा विचार करून केराबाईनं दोन लुगडी घासाघीस न करता उचलली. जन्मात घासाघीस न करता तिनं घेतलेली ती पहिलीच वस्तू.

लग्न झोकात झालं. हळद उतरवायला नवरानवरीला सासरच्या दारात बसवलं. अंगावर पहिला तांब्या पडला आणि राजाबाईच्या पायांवरून लाल पाणी वाहायला लागलं. दुसऱ्या तांब्याला ते सासूनं हौसेनं अंथरलेल्या पांढऱ्या घोंगड्यावर गेलं. शुभकामात असं लाल लाल बघून बाया गप्प झाल्या. सासू चिमाबाई गप्प बसणारी नव्हती. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "माय मोठी खुणा वळखती म्हनं. लुगडं तेवढं न्हाय आलं व्हय वळखाया?"

केराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिसऱ्या दिवशी तिनं रंग गेलेलं लुगडं आणि घडी न मोडलेलं दुसरं, अशी दोन्ही काखोटीला मारली, सांगोल्याला बार्शी लाइटची छोटी गाडी धरली, कुर्डूवाडीला मोठ्या गाडीत बसली आणि सोलापूर गाठून तडक चाटी गल्लीत शिरली.

चनबसप्पा गादीवर बसला होता. साठीचा माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे, नाकावर उतरलेला चष्मा. केराबाईनं दोन्ही लुगडी त्याच्यापुढं आदळली.

"हा घ्या तुमच्या धाकट्याचा माल! बापाचं नाव असं राखत्यात व्हय? माज्या लेकीच्या हळदीला रंग गळला की हो ह्याचा!"

"कुठला धाकटा, यव्वा?" चनबसप्पा गोंधळून म्हणाला.

"तुमचा. भाऊ असंल न्हायतर ल्योक असंल. पान लावून येगळा झालाय त्यो."

चनबसप्पा हळूच म्हणाला, "मला भाऊ न्हाई. मूल न्हाई. घरात मी आणि माझी ईरम्मा, दोघंच की."

त्यानं घडीवरचा कागद उजेडाकडं धरला. "हा राघू ईरम्मानं काढलेला, यव्वा. लग्न करून आली त्या वर्षी, दारात रांगोळीनं. मला इतका आवडला की त्यावरनंच मी छाप करून घेतला. तीस वर्षं झाली. माझ्यामागं नाव सांगायला ह्या पाखराशिवाय कोण हाय? आणि हे बघा, कुणीतरी त्याला पान लावून आपल्या दुकानात बसवलाय."

केराबाई पायरीवर बसली. तिचा राग कुठल्या कुठं गेला आणि त्याची जागा एका वेगळ्याच धक्क्यानं घेतली.

"म्हंजे परक्यानं चीर मारली?" ती म्हणाली. "परक्यानं?"

शोध घेतल्यावर कळलं की हा उद्योग श्रीमंतशेटचा. दोन गल्ल्या सोडून त्यानं नवी पेढी काढली होती. हलक्या रंगाची लुगडी तो करकंब, बार्शीच्या बाजारांत धाडायचा. चनबसप्पानं दावा लावला. ही चौतीस-पस्तीस सालची गोष्ट. छापाची सरकारात नोंद करण्याचा कायदा अजून आलेला नव्हता. ज्यानं आधी वापरला आणि लोक ज्याच्या नावानं ओळखतात त्याचा छाप, एवढंच कोर्ट बघायचं. श्रीमंतशेटनं छातीठोक उत्तर दिलं की माझ्या राघूला पान आहे, कलशेट्टीच्या राघूला नाही. घोटाळा होऊ नये म्हणूनच मी पान घातलंय. आणि फसलेलं एकतरी गिऱ्हाईक आणून दाखवा!

चनबसप्पानं केराबाईला निरोप धाडला. तिनं उलट निरोप धाडला, "येते की. मला काय कोर्टाची भीती हाय?"

तारखेच्या आदल्या दिवशी चनबसप्पाचे वकील दिगंबरपंत यांनी तिला कचेरीत बसवून घेतलं. दिगंबरपंत हुशार माणूस, पण त्यांना घाई फार.

"हे पाहा बाई, अगदी सोपं आहे. तुम्ही म्हणायचं, मी अडाणी बाई, मला दोन्ही चित्रं सारखीच वाटली. पान माझ्या लक्षातच आलं नाही. बस्स."

"पान मला पायरीवरनं दिसलं," केराबाई म्हणाली.

"दिसलं असेल. पण म्हणायचं नाही."

"का?"

"अहो, पान दिसलं म्हटलंत तर फसवणूक कसली? दावाच कोसळला की!"

"पन पान हुतं म्हनूनच म्या घेतलं. आमच्यात मेंढराच्या कानाला..."

"मेंढरं राहू द्या बाई, कापडाचं बोला," दिगंबरपंत म्हणाले आणि त्यांनी कागद उलटला.

केराबाई ताडकन उठून उभी राहिली. "खूण दिसली न्हाय असं म्या भरल्या कोर्टात म्हनू? केराबाईनं? त्यापरीस माजे डोळं काढा की! म्या खरं त्येच सांगनार. पटत नसंल तर ही चालले म्या कुर्डूवाडीची गाडी धराया."

दिगंबरपंतांनी चनबसप्पाला बाजूला घेऊन सांगितलं की ही बाई आपल्याला बुडवणार, हिला साक्षीला उभी करू नका. चनबसप्पानं केराबाईकडं बघितलं. "माझ्याकडं दुसरं कोण हाय, पंत?" तो म्हणाला. "ती खरं बोलते म्हणते, तर बोलू द्या की."

त्या दिवशी केराबाई चनबसप्पाच्याच घरी उतरली. ईरम्मानं तिला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. दारातल्या रांगोळीत राघू होताच, चोचीत एकच कैरी. तो बघून केराबाईनं हातातला घास ताटात ठेवला. वकिलापुढं ताठ्यानं बोलून आली होती खरी, पण घोळ काय आहे ते तिला आता दिसत होतं. पान दिसलं नाही म्हणावं तर ते खोटं. फसले नाही म्हणावं तर तेही खोटं, आणि हा राघू गेला. पान दिसलं तरी फसले, हे खरं. पण खुणा ओळखणारी केराबाई खूण बघूनच फसली, हे एकदा तिच्याच तोंडून निघालं की माळावर तिचा शब्द कोण ऐकणार? आणि ते ऐकायला महिपती येणार होता. केराबाई साक्षीला चाललीय हे माळभर झालं होतं, आणि सांगोल्याच्या ठेसनावर तिनं त्याला पाहिलं होतं. सोलापुरात काय काम काढलंय, असं कुणी विचारलं तेव्हा तो तिच्याकडं न बघताच म्हणाला होता, "एक साक्ष ऐकायचीय."

दुसऱ्या दिवशी तिला पिंजऱ्यात उभी केली. तिनं डोईवरचा पदर सारखा केला आणि बिरोबाची आण घेऊन खरं सांगेन म्हणाली. महिपती मागच्या बाकावर होता, पागोटं मांडीवर घेऊन. चनबसप्पा पुढं बसून उपरण्यानं सारखा चष्मा पुसत होता.

दिगंबरपंतांनी लुगडं कुठं घेतलं, कधी घेतलं, रंग कसा गेला, एवढं विचारून चटकन आटपतं घेतलं. मग पलीकडचे वकील उठले. त्यांनी दोन्ही कागद तिच्यापुढं धरले.

"बाई, ह्यातला कलशेट्टींचा कुठला?"

"ह्यो."

"इतक्या लवकर कसं सांगितलंत?"

"त्यात इतका येळ लावायचं काय हाय? ह्येला पान न्हाय, त्येला हाय."

कोर्टात हशा पिकला. वकिलांना तर आनंद मावेना. "आणि करकंबला घेतलंत तेव्हाही हे पान तुम्हाला दिसलं होतं?"

"पायरीवरनंच दिसलं."

"म्हणजे दोन छाप वेगळे आहेत हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं!"

"व्हय. पक्कं."

"झालं तर!" वकील जज्जसाहेबांकडं वळून म्हणाले. "वादीचीच साक्षीदार म्हणते की तिला फरक दिसला. मला आणखी काही विचारायचं नाही."

दिगंबरपंतांनी कपाळावर हात मारला. श्रीमंतशेटनं मिशीवरून बोट फिरवलं. चनबसप्पा मात्र केराबाईकडं बघत राहिला, आणि केराबाई पिंजऱ्यातून खाली उतरेना.

"मला आनखी सांगायचं हाय," ती म्हणाली.

जज्जसाहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनी दौतीत टाक बुडवला. "बाई, पान तुम्हाला दिसलं. मग लुगडं कलशेट्टींच्या घरचं असं तुम्ही कसं समजलात?"

केराबाईनं मागच्या बाकाकडं एकदा बघितलं. महिपतीनं ह्या खेपेला नजर वळवली नाही.

"सायब, एक कागुद द्या मला. कोरा न्हाय, रद्दीतला चालंल."

शिरस्तेदारानं साहेबांकडं बघून एक कागद दिला. केराबाईनं त्याचे तीन तुकडे केले आणि एकेक तुकडा मेंढराच्या कानासारखा दुमडला. पहिल्याच्या टोकाला तिनं नखानं खाच पाडली. "ह्यो बाप." दुसऱ्याला तशीच खाच पाडली. "ह्यो थोरला, बापाचं जसंच्या तसं." तिसऱ्याला खाच पाडून शेजारी एक चीर मारली. "आन ह्यो धाकटा, येगळा झालेला. आमच्यात ही रीत हाय, सायब, माज्या सासऱ्याच्या आज्यापासनं. एक चीर जास्त म्हंजे परका न्हवं. एक चीर जास्त म्हंजे घरचाच. ह्या शेटनं राघू वाकडातिकडा काढला असता, तर म्या दारातनंच वराडले असते की चोर हाय म्हनून. ह्येनं राघू तसाच ठिवला आन एक पान जास्त लावलं. म्या म्हनलं, चनबसप्पाचा धाकटा येगळा झाला. घर त्येच, माल त्योच. म्हनून घेतलं. पान दिसलं न्हाय म्हनून फसले न्हवं, सायब. पान दिसलं म्हनूनच फसले."

मग मागच्या बाकाकडं बघत ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हय, फसले! म्या केराबाई वाघमोडे, बेचाळीस घरांच्या खुणा वळखनारी, खूण बघून फसले. ल्ह्या त्ये कागदावर."

कोर्टात मघाचं हसू कुणाच्याच तोंडावर उरलं नव्हतं. पलीकडचे वकील गडबडीनं उठले. ही धनगरांची रीत आहे, सगळी गिऱ्हाइकं काही धनगर नसतात, असं ते म्हणायला लागले.

"लुगडी विकत घेणाऱ्या किती बायकांना वाचता येतं, वकीलसाहेब?" जज्जसाहेबांनी विचारलं. "त्या चित्रावरूनच घर ओळखतात. आणि तुमच्या अशिलानं त्यांना नेमकं कलशेट्टींचंच घर दाखवलंय." त्यांनी कागदाचे ते तीन कान मागवून घेतले, त्यांवर निशाणीचा आकडा घातला आणि ते दाव्याच्या कागदांत ठेवले.

निकाल महिन्यानं लागला. राघू चनबसप्पाचा. श्रीमंतशेटनं पानासकट किंवा पानावाचून तो वापरायचा नाही, आणि केलेले ठसे कोर्टात जमा करायचे. निकाल लागताच चनबसप्पा ईरम्माला घेऊन चिमाबाईच्या दारात गेला. राजाबाईसाठी आणलेलं लाल लुगडं त्यानं अंगणात पसरलं आणि चिमाबाईदेखत स्वतःच्या हातानं त्यावर घागरभर पाणी ओतलं. पाणी स्वच्छ वाहिलं. चिमाबाईनं निमूटपणे लुगडं पिळून वाळत घातलं. पण हे सगळं पुढचं झालं.

साक्षीच्या त्या दिवशी कोर्टाच्या आवारात, चनबसप्पा हात जोडून तिच्यापुढं उभा असतानाच, महिपती येऊन थांबला. तो हसेल, चार माणसांत तोंड टाकेल, असं केराबाईला वाटलं होतं आणि त्याची तिनं तयारीही ठेवली होती. तो हसला नाही.

"दुसऱ्याच्या खुणेवर चीर मारनारा असतोय," तो म्हणाला, "हे आज कळलं व्हय तुला?"

एवढंच बोलून तो वळला. अकरा मेंढ्या, खाच आणि शेजारी चीर. कान कोन कापतंय रं, महिपती? आपलंच तेव्हाचं हसणं तिच्या कानात वाजायला लागलं. चनबसप्पा काहीतरी बोलत होता, ईरम्मानं जेवायला बोलावलंय म्हणत होता. तिला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

"महिपती!" ती ओरडली. "त्यातल्या किती उरल्यात ज्ञानबाकडं?"

तो थबकला. "चार असतील."

"चल. पंचास्नी सांगावा धाड."

चौथ्या दिवशी ज्ञानबाच्या कळपाशी पंच जमले. केराबाईनं चारही मेंढ्या एकेक करून गुडघ्यात धरल्या आणि डोळे मिटले. सासऱ्यानं शिकवलं होतं तसं तिनं बोट नुसतं खुणेवर न ठेवता खुणेच्या कडेवरून फिरवलं. खाच कोकरूपणातली होती. कानाबरोबर वाढून ती पसरली होती आणि तिच्या कडेला मऊ केस आले होते. शेजारची चीर अरुंद होती, कडा टणक होती. ती मोठ्या झालेल्या कानावर मारलेली होती. मग तिनं ज्ञानबाच्या घरच्या दुसऱ्या दोन मेंढ्या धरल्या. त्यांच्या कानांवर खाच आणि चीर दोन्ही बरोबरीनं पसरलेली. ज्ञानबा काठीच्या टोकानं माती उकरत उभा होता. त्यानं वर बघितलंच नाही.

केराबाई उठली. गुडघ्यांची माती तिनं झटकली नाही.

"महिपती खरा हुता," ती पंचांना म्हणाली. "ही चीर मागनं मारलेली हाय. तवा म्या कडेवरनं बोट फिरवलं न्हाय. दुसऱ्याच्या खुणेवर कुनी चीर मारत न्हाय, ह्या भरवशावर म्या अकरा मेंढरं ज्ञानबाच्या पदरात टाकली, आन वर खऱ्या मानसाला हसले. मेंढरं द्या त्येची त्येला. आन आता खुणा बघाया दुसरं कुनी तरी शोधा. सोलापुरात फसले ती फसले, पर त्येच्या आदी म्या हितं फसले हुते. माजा शब्द संपला."

तिनं काठी उचलली आणि ती चालायला लागली. तिला थांबवायला कुणी पुढं झालं नाही. वीस वर्षांचा शब्द असा चार पावलांत मागं पडला आणि तिला रडू यायला लागलं. रडताना कुणाला दिसू नये म्हणून तिनं पदर ओढून घेतला.

"थांब!"

महिपती मागून येत होता. एका एडक्याचं शिंग धरून तो त्याला ओढत आणत होता. जवळ येऊन त्यानं एडका तिच्यापुढं उभा केला आणि पागोटं सारखं केलं, पण ह्या खेपेला दुसरीकडं बघितलं नाही.

"परवापासनं हा माज्या कळपात हाय," तो म्हणाला. "कुनाचा हाय ते कळंना झालंय. बघ की जरा."

"महिपती, म्या आत्ताच काय म्हनले?"

"ऐकलं म्या. फसले असं म्हननारी तूच येकली निघालीस. बाकीचे कुनी म्हनतच न्हाईत. बघ."

केराबाईनं पदरानं डोळे पुसले आणि एडक्याचा कान हातात घेतला. डोळे मिटून आधी तिनं कडेवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि मग घराचं नाव सांगितलं.